चिमूरच्या चौकातला हिशेब
(वणी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



२०२५ च्या जानेवारीत मी ब्रह्मपुरीकडची धानाची कामे आटोपून नागभीड, चिमूर, वरोरा असा वणीला येत होतो. चिमूरला गाडी थांबवली ती फक्त चहासाठी. पण तिथे जो तासभर गेला, त्याबद्दल आज बोलायचे आहे. कारण आपल्याकडेही टिपेश्वर आहे, आणि चिमूरकरांचे आजचे दुखणे पांढरकवड्याच्या, राळेगावच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

चिमूर म्हटले की आपल्या वडिलांच्या पिढीला १६ ऑगस्ट १९४२ आठवत असे. आता रस्त्याला लागले की पाटीपाटीवर वाघ दिसतो. हॉटेलच्या पाटीवर वाघ, लॉजच्या पाटीवर वाघ, पंक्चरच्या दुकानावरसुद्धा वाघ. इथून कोलारा गेट जवळ. पुण्या-मुंबईची माणसे पहाटे अंधारातच उघड्या जिप्सीत कानटोप्या घालून निघतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही. ती पैसे मोजतात, आणि त्या पैशावर चार पोरांना काम मिळते. ताडोबा काही आजचा नाही. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा ११६ चौरस किलोमीटरचे होते. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१० साली भोवती बफर आले. बफर म्हणजे काय? नकाशावर रंगवलेला पट्टा. त्या पट्ट्यात आणि त्याला लागून गावे आहेत, वावरे आहेत, हरभरा आहे.

चहाच्या टपरीवर एक साठीतले गृहस्थ बसले होते. खांद्यावर घोंगडी, हातात टॉर्च, डोळे लाल. मला वाटले, कोणाच्या मयतीला जाऊन आले असावेत. विचारले, तर म्हणाले, "जागलीवरून आलो जी."

मी म्हटले, "काका, किती रात्री झाल्या?"

"मोजतो कोण? हरभरा उगवला तेव्हापासून मचाणावरच आहो."

चार एकर हरभरा. रात्री रानडुकरे येतात, पहाटे रोही, आणि चितळांना तर वेळकाळच नाही. पुतण्या उद्यानात गाईड. "त्याची ड्यूटी पहाटेची, माझी रात्रीची. तो वाघ दाखवतो, मी डुकरं हाकलतो," असे म्हणून ते हसले. वाघावर त्यांचा राग नव्हता, हे मुद्दाम सांगतो. ते म्हणाले, वाघ फिरकला की चार दिवस डुकरे येत नाहीत. भीती वाटते ती वावरातून पहाटे घरी परत येताना.

मग आम्ही हिशेब मांडला. सवयच आहे मला ती! बियाणे, खत, फवारणी, नांगरट, काढणी, सगळे त्यांनी तोंडपाठ सांगितले. मी विचारले, "जागलीचे किती लिहू?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "ते कायले लिहिता? ते तं मीच करतो."

मी म्हटले, तरी लिहू. मळणीपर्यंत नव्वद रात्री धरल्या. रात्रीची मजुरी तीनशे धरली. तीनशे रुपयांत थंडीत वाघाच्या रानात कोण बसेल, हा वेगळा प्रश्न. झाले सत्तावीस हजार. एकरी सहा क्विंटल पिकला तर चोवीस क्विंटल. त्या हंगामाचा हमीभाव ५,६५० रुपये, म्हणजे सगळा माल हमीभावाने गेला तरी एक लाख पस्तीस हजार सहाशे. पाचवा हिस्सा नुसता राखण्यात गेला. मळणीला पाच पोती भरली तर त्यातले एक जागलीचे, आणि ते बियाणे-खताच्याही आधी बाजूला काढून ठेवायचे.

आता म्हणाल, नुकसानभरपाई आहे ना? आहे. वन, महसूल आणि कृषी खात्याची माणसे येऊन पंचनामा करतात. पण पंचनामा कशाचा होतो? एका रात्रीत वावर आडवे झाले, तर होतो. चितळ रोज पाच-पन्नास झाडांचे शेंडे खुडून जाते, त्याचा पंचनामा कोणत्या तारखेला करायचा? आणि खरी मेख पुढे आहे. ज्याने नव्वद रात्री डोळ्यात तेल घालून पीक राखले, त्याचे नुकसान दिसत नाही. नुकसान नाही म्हणून भरपाई नाही. जो राखतो त्याला काहीच नाही! झोपून राहिला असता तर निदान अर्ज तरी करता आला असता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात घ्यायचे. कोणते प्राणी, कोणता भाग, हे राज्याने ठरवायचे. नुकसान बहात्तर तासांच्या आत मोबाईलवर फोटोसह कळवायचे. चांगले आहे, पण हेही एका रात्रीच्याच नुकसानीचे मोजमाप आहे. रोजच्या चरण्याला बहात्तर तास कुठून मोजायचे? म्हणून आपले म्हणणे दोन गोष्टींचे आहे. जंगलाला लागून असलेले आपले तालुके त्या यादीत असले पाहिजेत. आणि वाघ देशाचा आहे, तर त्याचे रान भरलेले राहावे म्हणून जो रात्र जागतो त्याच्या जागलीची मजुरी देशाने दिली पाहिजे. ही भीक नव्हे, केलेल्या कामाचे दाम आहे.

एक विनंती हात जोडून करतो. कुंपणाच्या तारेत लाईनची वीज सोडू नका. त्यात वाघ मरतो तसा शेजारचा पोरगाही मरतो, आणि मग मागणी करायला तोंड राहत नाही. सौर कुंपणाचा झटका मारत नाही, हाकलतो. त्यासाठी जन-वन विकास योजनेत अनुदान ठेवलेले आहे. अर्ज करा, नाही मिळाले तर कळवा.

चिमूरचे काका उठताना म्हणाले, "भाऊ, सत्तावीस हजाराचा तो कागद मले द्या, घरी दाखवतो." मी दिला. त्यांच्याकडे कागद झाला, आपल्याकडे अजून नाही. दाराजवळच्या टेबलावर वह्या ठेवल्या आहेत, गावागणिक एक. कोणत्या वावरात, कोणत्या रात्री, कोण जागले आणि काय आले, एवढेच लिहायचे. पुढच्या बैठकीला त्या भरून आणा.