सावकाराचें सोंग
(शेतकरी मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



गेल्या जत्रेंत आपल्या पोरांनीं सावकाराचें सोंग काढलें. शंभराचे दोनशें करतांना तोंडांत देवाचें नांव, असा तो सावकार पाहून मंडळी पोट धरधरून हंसली. दुसऱ्या दिवशीं त्यांतलेच कांहींजण खऱ्या सावकाराच्या ओसरीवर हात जोडून बसलेले मीं पाहिले. एका वडीलधाऱ्या कुणब्यानें मला विचारलें, “मास्तर, मग त्या हंसण्याचा उपयोग काय?” मला उत्तर सुचलें नाहीं. आजचें बोलणें त्या प्रश्नासाठीं आहे.

गोष्ट दूरची आहे, पण शेतकऱ्याचीच. इंग्लंडशेजारीं आयर्लंड म्हणून एक बेट आहे. तीनशें वर्षांपूर्वीं तेथली बहुतेक जमीन उपऱ्या मालकांकडे गेली होती. पुष्कळ मालक लंडनांत राहात, आणि कुळानें पिकवलेला पैसा खंडाच्या रूपानें समुद्रापार जाई. त्या वेळीं डब्लिन शहरांत जोनाथन स्विफ्ट नांवाचा एक बडा पाद्री होता. मालक ज्या पंथाचे त्याच पंथाचा हा; कुळें बहुतेक दुसऱ्या पंथाचीं. भटशाहींतलाच माणूस म्हणाना! पण लेखणी मालकांवर उलटली, हें त्याचें श्रेय त्याला दिलें पाहिजे.

१७२९ सालीं त्यानें आपलें नांव न घालतां एक लहानसें चोपडें छापलें. त्यांत शिवी नाहीं कीं शाप नाहीं. एखादा सज्जन व्यापारी शांतपणें हिशोब मांडतो, तसा हिशोब आहे. गरिबांचीं पोरें दरसाल एक लाख वीस हजार जन्मतात. त्यांतलीं वीस हजार पैदाशीला राखावीं. उरलेलीं एक लाख, वर्षाचीं होतांच, श्रीमंतांच्या ताटासाठीं विकावीं. पोसण्याचा खर्च दोन शिलिंग, किंमत दहा शिलिंग, आईला निव्वळ नफा आठ शिलिंग! आणि हें मांस जमीनदारांनाच शोभेल, कारण आईबापांना त्यांनीं आधींच खाऊन टाकलें आहे.

वाचतांना अंगावर कांटा येतो. पण बेरीज-वजाबाकी तपासून पाहा, कोठें चूक नाहीं. मी मुलांना नफातोट्याचीं गणितें शिकवतों, म्हणून मला हें फार लागलें. माणूस एकदां माल म्हणून वहींत चढला, कीं कोठें थांबायचें हें ती वही सांगत नाहीं. मालक रोज तेंच करीत होते. ताटावर झांकण होतें इतकेंच. या पाद्र्यानें झांकण काढलें.

पुढें काय झालें? वाचणारे हंसले, कांहीं चरकले, आणि कुळांचा खंड कांहीं उतरला नाहीं. १८४५ पासून तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारें दहा लाख माणसें उपासानें आणि तापानें मेलीं, आणि त्याच वर्षांत धान्य व जनावरें गलबतांत भरून इंग्लंडला विक्रीस जात होतीं.

मग थट्टा फुकटच म्हणायची? तसें नाहीं. याच माणसानें पांच वर्षें आधीं, १७२४ सालीं, दुसरें एक काम केलें होतें. वुड नांवाच्या एका इंग्रज कारखानदारानें राजदरबारांत पैसे चारून, तांब्याचीं नाणीं पाडून आयर्लंडांत खपवण्याचा मक्ता मिळवला होता. नफा वुडचा आणि तोटा बाजारकऱ्याचा, असा तो धंदा असल्याची लोकांची ओरड होती. स्विफ्टनें कापडाच्या दुकानदाराचें सोंग घेतलें आणि दुकानदार, शेतकरी, मजूर यांना कळेल अशा भाषेंत पत्रें लिहिलीं. थट्टा तेथेंही आहेच. शहरांत खरेदीला जायचें तर हीं नाणीं धान्यासारखीं गोणींत भरून पांचसहा घोड्यांवर लादावीं लागतील, असें तो सांगतो. पण हंसवून तो मोकळा झाला नाहीं. हें नाणें कोणीं हातांत घेऊं नये, एवढें एक काम त्यानें सर्वांना सांगितलें. सरकारनें लेखकाचें नांव सांगणारास तीनशें पौंडांचें बक्षीस लावलें. लेखक कोण हें शहरांत पुष्कळांना ठाऊक होतें, पण एकही फितला नाहीं. १७२५ सालीं मक्ता रद्द झाला.

लेखणी एकच. पहिल्या खेपेस लोकांच्या हातांत करण्यासारखें काम होतें, दुसऱ्या खेपेस नव्हतें. फरक तेथें पडला असें मला वाटतें.

आपल्या लोकांना ही युक्ति कोणा पाद्र्याकडून शिकावी लागली नाहीं. शिरूर तालुक्यांतल्या कर्डे गांवीं १८७४ सालच्या अखेरीस एका सावकारानें हुकूमनाम्याच्या जोरावर एका देशमुखाचें घर घेतलें आणि पाडायला काढलें. गांवानें ठरवलें, याची हजामत करायची नाहीं, याचें पाणी भरायचें नाहीं. पुढल्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत वह्या आणि खतें जळलीं, आणि १८७९ सालीं सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा करावा लागला.

त्या कुणब्याला हें सारें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मास्तर, मग यंदाच्या सोंगांत शेवटीं काय घालायचें?” मीं म्हटलें, बाबा, आधीं आपलें खतपत्र घेऊन या. रविवारीं दुपारीं शाळेंत बसूं, मुद्दल किती आणि व्याज किती तें फळ्यावर मांडूं, आणि मग सोंग लिहायला घेऊं. तुम्हांपैकीं ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं आपले कागद बरोबर आणावे. वाचून दाखवायला सातवींतल्या दोन मुली मीं सांगून ठेवल्या आहेत.