आधी खड्डा, मग काँक्रीट

उपस्थित अभियंते, भूशास्त्रज्ञ आणि पाणीवापर संस्थांचे कार्यकर्तेहो,

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात धौलाधार पर्वतरांगेतल्या ओढ्यांचं पाणी वळवून शेतापर्यंत नेणाऱ्या पाटाला ‘कूहल’ म्हणतात आणि त्या पाटाची देखभाल करणाऱ्या माणसाला ‘कोहली’. अनेक गावांना पाणी देणाऱ्या मोठ्या कूहलीच सातशेहून अधिक. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात या भागात सुमारे २०,००० माणसं दगावली आणि उतारावरचे पाट जागोजागी तुटले. तरी त्यातले अनेक पाट गावकऱ्यांनी पुन्हा वाहते केले.

आज असा पाट नव्याने बांधायचा ठरला की फाइलवर पहिला शब्द येतो काँक्रीट. लांबी मोजली, छेद ठरला, दर लावले, निविदा निघाली. मातीची चौकशी झालीच तर जीप पोचते तिथल्या एखाद्या खड्ड्यापुरती. पाट मात्र तिथे फुटलेला नसतो.

धौलाधारच्या पायथ्याशी ओढ्यांनी आणून टाकलेल्या दगडमातीचे पसरट ढिगारे आहेत. वरच्या अंगाला मोठाले धोंडे आणि रेती, खाली उतरावं तसा बारीक गाळ, चिकणमाती. धोंड्यांच्या पट्ट्यात पाणी मुरून गायब होतं. चिकणमातीत ते मुरत नाही, पण भराव आणि मूळ जमीन यांच्या सांध्यातून वाट काढतं. जुन्या दरडीवरून पाट गेला असेल तर दुखणं तिसरंच: गळतीने दरड भिजते आणि पाटासकट सरकते. तीन तऱ्हांच्या जमिनीला एकाच जाडीचं काँक्रीटचं अस्तर लावलं की निदान तीनांतल्या दोन ठिकाणचा पैसा पाण्यात.

पहिल्या पाहणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात अलगद सोडावा. तो नुसता विस्कटून तळाशी बसला तर एक वेळ चालेल. पण त्याच्याभोवती गढूळ ढग पसरला आणि निवळेना, तर सावध व्हावं. अशा मातीच्या भरावात बारीक भोकाची नळी व्हायला फार दिवस लागत नाहीत. फुगणारी माती ओळखायला भारतीय मानकात सोपी चाचणी आहे. वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची, १०० मिलिलीटरच्या दोन मोजनळ्यांत घालायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. २४ तासांनी दोन्हीकडच्या मातीची पातळी वाचायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तुलनेला ते. (हल्ली खरी अडचण रॉकेल मिळवण्याचीच!)

२ जुलै २०१९ च्या रात्री महाराष्ट्रात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. थट्टा पुष्कळ झाली. खेकडे मातीच्या भरावात बिळं करतात हे खोटं नाही. पण एखाद्या बिळाचं भगदाड किती लवकर होईल हे बरंचसं मातीवर ठरतं, आणि माती भराव घालण्याआधी तपासता येते. खेकड्याला ती सोय नाही.

काँक्रीटला विरोध नाही. धोंड्यांच्या पट्ट्यात अस्तर हवंच. मात्र डोंगराच्या बाजूने झिरपणारं पाणी अस्तरामागे तुंबलं तर तेच पाणी अस्तर आत ढकलतं, तडे जातात, आणि दोष सिमेंटच्या माथी येतो. पाणी बाहेर पडायला छिद्रं कुठे ठेवायची हे पावसाळा संपता संपता खणलेला खड्डा दाखवतो. मे महिन्यातला कोरडा खड्डा ते सांगूच शकत नाही. म्हणून खड्डे दोन ऋतूंत, पाटाच्या तळाखाली मीटरभर तरी. पहिला खड्डा कुठे घ्यायचा हे कोहलीला विचारावं. दर पावसाळ्यात कोणत्या वळणावर दगडमाती टाकावी लागते, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असतं. आपल्या अहवालांत त्याच्या म्हणण्याला रकाना नसतो, ही आपली उणीव.

या परिषदेने एक ठराव जरूर करावा: डोंगरी पाटाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात मातीतपासणीचा खर्च पहिल्या ओळीत धरावा, आणि तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत निविदा काढू नये.