मोजा, आणि मापाही

पावसाळा तोंडावर आला की ओळखीचे लोक मला विचारतात, "यंदा ढगांत पाणी किती?" अहो, हा अर्धाच प्रश्न झाला. ते पाणी किती थेंबांत वाटलं गेलंय आणि एकेक थेंब केवढा आहे, हे कोण विचारणार? मोजणी वेगळी, मापणी वेगळी.

दहा मायक्रॉन त्रिज्येचे दहा लाख ढगकण एकवटतात, तेव्हा एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब होतो. हवेत धूर फार असला की तेच पाणी बारीक कणांत विखुरतं. असे कण एकमेकांवर सहसा आदळत नाहीत. मग ढग भरलेला, पण अंगण कोरडं!

हे कण मापायचे कसे? कौलाच्या फटीतून येणारा कवडसा आठवा. उन्हाच्या दिशेनं पाहिलं तर धूळ चमचमते. उन्हाकडे पाठ केली तर तीच धूळ जेमतेम दिसते. कारण असे कण बराचसा प्रकाश पुढच्याच बाजूला विखुरतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं 2009 पासून कायपीक्स नावाच्या ढगांच्या प्रयोगात ढगांत विमानं नेली. त्यांच्यावरच्या उपकरणांत असाच कवडसा असतो, फक्त लेसरचा. थेंब आडवा गेला की एक लकाकी. लकाक्या किती, ही मोजणी. लकाकी केवढी, ही मापणी. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर लकाकी साधारण चौपट.

कवडसा अरुंद का, तेही सांगतो. दोन थेंब एकाच वेळी त्यात शिरले, तर उपकरणाला एकच मोठा थेंब दिसतो. म्हणजे मोजणीत एक गळला आणि मापणीत एक फुगला. चूक एक, बिघाड दोन्हीकडे! म्हणून पुन्हा सांगतो, नुसत्या आकड्यावर भुलू नका. उपकरणालाही आधी ठरावीक मापाचे काचेचे मणी दाखवून त्याची परीक्षा घ्यावी लागते.

खरं तर थेंब वाढला म्हणून लकाकी सरळ वाढत जाते, असंही नाही. भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी यांनी 1908 मध्ये मांडलेल्या गणितात ती मध्येच हेलकावे खाते, आणि त्यामुळे दोन वेगळ्या मापांचे थेंब... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत. असो. उद्या सकाळी घरात कवडसा आला तर दोन मिनिटं त्याच्यासमोर बसा. कण किती, ते मोजा. आणि केवढे, तेही विचारा.