भाड्याची पावती



वसंतातल्या ह्या ज्ञानसत्रात थोर थोर विषयांचा ऊहापोह होत असताना मी घरभाड्याविषयी बोलावयास उभा राहिलो आहे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्याच्या पोटात भाड्याच्या काळजीने गोळा उठतो, त्याला विचारा. त्याच्या दृष्टीने यापरता गंभीर विषय नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्याची मिळकत थोडी आणि भाडे भारी, त्याला ह्या कामी कोणाचा हात मिळतो काय? आणि मिळत असेल, तर तो त्याच्यापर्यंत पोहोचतो काय?

हा हात आजवर निरनिराळ्या खिशांतून पुढे आला. पहिला खिसा घरमालकाचा. १९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि पुष्कळशा जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरांशी बांधली गेली. टंचाईच्या त्या दिवसांत हजारो कुटुंबांचे छप्पर त्यामुळे टिकले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु जो आत होता तो तरला. जो मागाहून शहरात आला, त्याच्यापुढे पागडी उभी राहिली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात गिलाव्याचाही खर्च निघेना, आणि वाडे ढासळू लागले. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरविली, आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे.

दुसरा खिसा सरकारी तिजोरीचा, पण आडवाटेचा. पगारात घरभाडे भत्ता मिळणाऱ्याला जुन्या कर-पद्धतीने त्या भत्त्यावर आयकरात सवलत मिळते. ज्याला भत्ता नाही, त्यालाही काही अटींवर महिना ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ठीक आहे. पण ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला करातली सूट काय कामाची? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणजे ही मदत मध्यम पगारदाराच्या दारापर्यंत येऊन थांबते. त्याच्या घरी भांडी घासणारीच्या दारापर्यंत जात नाही.

तिसरी वाट म्हणजे भाड्यासाठी रोख रक्कमच देणे. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या काळात खाजगी जागेत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंनाही असे साह्य मिळू लागले. पण तेथेही एक धडा आहे. २००८ साली त्या साह्याची मर्यादा त्या त्या भागातील भाड्यांवरून ठरवू लागले. पुढे २०१६ ते २०२० आणि पुन्हा २०२० ते २०२४ ही मर्यादा गोठवून ठेवली. भाडी मात्र गोठली नाहीत. मधली तूट गरिबाने पोटाला चिमटा घेऊन भरली. साह्य सुरू करणे सोपे. भाड्याच्या पावलाला पाऊल लावून ते चालविणे अवघड.

आपल्याकडे अशी रोख मदत अगदीच नाही असे नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना चालविली आहे. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले, दहावीनंतरचे शिक्षण परगावी चालू असले आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसली, म्हणजे पुण्यामुंबईसारख्या शहरांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि इतर निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळण्याची तीत सोय आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयंम्' आणि इतर मागासवर्गीयांसाठी 'आधार' ह्या योजना त्याच धर्तीच्या आहेत.

आता एक अनुभव सांगतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा भाचा परभणीकडून पुण्यास शिकावयास आला. वसतिगृह मिळाले नाही. तिघांत मिळून एक खोली, प्रत्येकी महिना २,००० रुपये. त्याने स्वाधारचा अर्ज भरला, आणि राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार मागितला गेला. खोलीचे मालक म्हणाले, "कागद पाहिजे असेल तर खोली दुसरीकडे बघ." बाई मला म्हणाल्या, "काका, दर महिन्याला पैसे मोजून घेतात, मग लिहून द्यायला काय जड जातं?"

हा प्रश्न मला अजून सोडीत नाही. २०,००० रुपये सरकारने मंजूर करावयाचे, मुलाने ते मागावयाचे, आणि मध्ये आडवा यावा एक न लिहिलेला कागद!

मी त्या मालकांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. लिहून दिले की भाडेकरू घरात ठाण मांडील, ही १९४७ च्या कायद्याची धास्ती बापाकडून त्यांच्याकडे आलेली. शिवाय स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मालमत्ता करात जी ४० टक्के सवलत देते, ती जाण्याची भीती. दुसऱ्या भीतीवर माझ्याजवळ औषध नव्हते. जो कर देय आहे तो दिलाच पाहिजे. पहिलीवर होते. १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरविणे मालकावर येते. उलट परवानगीचा करार नोंदला असला आणि मुदत संपूनही राहणारा हलला नाही, तर त्याला दुप्पट आकार द्यावा लागतो. म्हणजे ज्या कागदाला ते भीत होते, तोच त्यांची ढाल होता. अकरा महिन्यांच्या त्या कराराला मुद्रांक २०० रुपयांच्या आतबाहेर आणि नोंदणी १,००० रुपये पडली. तिघा मुलांनी खर्च वाटून घेतला. अर्ज पुढे गेला.

ह्या सभेत भाडेकरूंइतकेच, किंबहुना अधिक, घरमालक बसले असतील. एखादी मागची खोली, एखादा वरचा मजला आपण भाड्याने दिला असेल. त्यांना माझी विनंती आहे: करार नोंदवा, दर महिन्याची पावती द्या. पावती देणे हा कायदा आहेच. आणि भाडेकरूंनो, पावती मागताना ओशाळू नका. ती मेहेरबानी नाही.

सरकारकडेही मागणे आहे. विद्यार्थ्याला जो हात दिला, तो हमाल, मोलकरीण, बांधकामावरचा मजूर ह्यांना का नसावा? २०२० च्या टाळेबंदीत भाडे देववेना म्हणून माणसे पायी गावी निघाली, हे आपण सर्वांनी पाहिले. पण उद्या तशी योजना आली, तर पहिल्याच दिवशी कचेरीत विचारले जाईल, "भाडेकरार कोठे आहे?" त्या दिवशी गरिबाच्या हातात निदान तो कागद असावा, एवढी तरी सोय आपण आजपासून करू शकतो.