अज्ञान मुलांची स्थावर मालमत्ता : हक्क आणि संरक्षण



चार वर्षांची मुलगी शेतजमिनीची मालक होऊ शकते काय? हा प्रश्न गावच्या पारावर विचारला, तर पुष्कळजण नकारार्थी मान हलवतील. जिला स्वतःचे नावही लिहिता येत नाही ती जमिनीची मालक कशी, असे त्यांना वाटते. कायद्याचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे. ती मालक होऊ शकते. मालकी प्राप्त होण्यास वयाची अट नाही. इतकेच नव्हे, तर पित्याच्या मृत्युसमयी जे मूल आईच्या उदरात असते, ते पुढे जिवंत जन्मास आले की १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमान्वये त्यासही इतर भावंडांइतकाच वाटा मिळतो.

अज्ञान बालकाजवळ उणीव असते ती मालकीची नव्हे, तर व्यवहार करण्याच्या पात्रतेची. १८७२ च्या करार अधिनियमानुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान असावी लागते आणि सज्ञानतेचे वय १८ वर्षे आहे. न्यायालयाने पालक नेमला असल्यास पूर्वी हे वय २१ धरले जाई. १९९९ च्या दुरुस्तीने तो भेद नाहीसा झाला. कलकत्त्यातील एका अज्ञान तरुणाने सावकाराकडे केलेले गहाणखत १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मुळातच निरर्थक ठरविले, ते याच तत्त्वावर. दस्त लिहून देणारी व्यक्ती अज्ञान दिसल्यास दुय्यम निबंधकही नोंदणी नाकारतात.

घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी आहे. वारसाहक्काने, मृत्युपत्राने वा बक्षीसपत्राने बालकास मालमत्ता मिळू शकते. पूर्ण किंमत चुकती केली असेल, तर त्याच्या नावे पालकामार्फत खरेदीखतही होऊ शकते. बक्षिसाबरोबर एखादा बोजा आला असेल, तर अज्ञान असेपर्यंत तो बालकावर बंधनकारक नसतो. सज्ञान झाल्यावर, बोजाची जाणीव असूनही त्याने मालमत्ता ठेवून घेतली, तर मात्र तो बोजा त्याने स्वीकारला असे होते.

एक उदाहरण घेऊ. एका हिंदू शेतकऱ्याने स्वकष्टाने चार एकर जमीन घेतली. मृत्युपत्र न करता तो निवर्तला. मागे वृद्ध आई, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी राहिली. या चौघांचा वाटा समान, म्हणजे प्रत्येकी एक एकर. पुढे घरात आजारपण आले, कर्ज झाले आणि मुलांच्या आईने जमीन विकण्याचे ठरविले. स्वतःचा एक एकर ती विकू शकते. मुलांचे दोन एकर केवळ स्वतःच्या सहीने विकण्याचा अधिकार तिला नाही.

आई ही मुलांची नैसर्गिक पालकच आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात प्रथम पिता आणि त्याच्यानंतर माता असा क्रम आहे. 'नंतर' म्हणजे केवळ पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर तो मुलांकडे दुर्लक्ष करीत असेल तेव्हाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात लावला. परंतु पालक म्हणजे मालक नव्हे. तो राखणदार होय. म्हणूनच या अधिनियमाच्या कलम ८ नुसार अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे वा तिची अदलाबदल करणे यांस न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षापलीकडे चालणाऱ्या भाडेपट्ट्यासही ती लागते. व्यवहाराची गरज असेल किंवा त्यात अज्ञानाचे उघड हित असेल, तरच न्यायालय परवानगी देते. चुलता वा मामा निव्वळ सांभाळ करतो म्हणून त्यास हा अधिकार मुळीच प्राप्त होत नाही.

येथे एक महत्त्वाचा अपवाद ध्यानात ठेवावा. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मालमत्तेतील अज्ञानाच्या हिश्शास कलम ८ लागू नाही. तेथे कुटुंबाचा कर्ता कायदेशीर गरजेपोटी संपूर्ण मालमत्तेचा व्यवहार करू शकतो. ती गरज खरोखरच होती काय, एवढाच वाद पुढे उरतो. तसेच हे कलम हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरते आहे. अन्य धर्मीयांच्या बाबतीत त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि १८९० चा पालक व पाल्य अधिनियम पाहावा लागतो. न्यायालयाने नेमलेल्या पालकावर त्या अधिनियमानेही विक्री व गहाणाबाबत असेच निर्बंध घातले आहेत.

नैसर्गिक पालकाने परवानगीविना विक्री केलीच, तर ती आपोआप रद्द होत नाही. मूल सज्ञान झाल्यावर ती नाकारू शकते. त्यासाठी दावा लावण्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे, म्हणजे सामान्यतः वयाची २१ वर्षे पुरी होईपर्यंत आहे. तीच मालमत्ता मुदतीत दुसऱ्यास विकण्यासारख्या निःसंशय कृतीनेही हा नकार व्यक्त होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. मुदत टळली, तर मात्र हक्क हातचा जातो. कित्येक तरुणांना आपला असा हक्क होता हे कळते, तोवर वेळ निघून गेलेली असते.

हे टाळावयाचे तर प्रारंभ गावदप्तरापासून व्हावा. खातेदार मृत्यू पावल्यावर वारसनोंद करताना अज्ञान मुलामुलींची नावे वगळू नयेत. सात-बारा उताऱ्यावर अज्ञानाच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरे व पालकाचे नाव असते. 'अज्ञान पालनकर्ता' या शब्दांचे ते संक्षिप्त रूप आहे. या नोंदीमुळे पालक मालक ठरत नाही. खरा मालक कोण, हेच ती सांगते. मूल सज्ञान झाल्यावर वयाचा पुरावा देऊन अर्ज करावा आणि हा शेरा कमी करून घ्यावा. जमीन घेणाऱ्यानेही ही तीन अक्षरे दिसताच न्यायालयाचा आदेश पाहिल्यावाचून इसार देऊ नये.

न्यायालयाचे नाव निघताच खर्चाची धास्ती वाटते. परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. परवानगीसाठी लागणारे काही महिने संकटात सापडलेल्या मातेस जाचक वाटतील, हे खरे. परंतु ज्यांना स्वतःच्या हक्कासाठी अद्याप बोलता येत नाही, त्यांच्या वतीने विचारणारे त्या वेळी न्यायालयावाचून दुसरे कोणी नसते.