सहाशे सहा डॉलरांचा अल्बम

भद्रावतीत, माजरीत, चंद्रपुरात गिटार शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आज एका अल्बमविषयी बोलायचं आहे. त्याचं नाव ‘ब्लीच’. ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडचा हा पहिला अल्बम जून १९८९मध्ये आला.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला अ‍ॅबरडीन नावाचं गाव आहे. जंगलातलं लाकूड आणि आरागिरण्या यांवर ते वाढलं. पुढे लाकडाचा धंदा बसला आणि हातचं काम गेलं. सागवानाचे डेपो आणि बल्लारपूरची पेपर मिल पाहत वाढलेल्यांना ते गाव परकं वाटणार नाही. ‘निर्वाणा’ उभा करणाऱ्या कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोव्होसेलिक यांनी तिथूनच सुरुवात केली.

सिएटलमधल्या एका लहान स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या यंत्रावर, जॅक एंडिनो यांनी हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट. ते जेसन एव्हरमन या मित्रानं भरलं. त्यानं अल्बममध्ये एक सूरही वाजवला नाही, तरी बँडनं कव्हरवर गिटारवादक म्हणून त्याचं नाव छापलं. मैत्रीची ही जाण मला फार मोलाची वाटते.

आता ऐकायचं काय? काही गाण्यांत गिटारच्या तारा नेहमीच्या सुराखाली उतरवल्या आहेत. त्यामुळे आवाज जड होतो. त्यात डिस्टॉर्शन मिसळलं की तोच आवाज खरखरीत, फाटका होतो. यालाच पुढे जग ग्रंज म्हणू लागलं. पण ‘अबाउट अ गर्ल’ जरूर ऐका. त्या गोंगाटाच्या मधोमध एक सरळ, गोड चाल आहे. दोन वर्षांनी ‘नेव्हरमाइंड’ या त्यांच्या पुढच्या अल्बमनं जग जिंकलं, त्याची चाहूल इथेच लागते.

आपल्याकडेही हे वारं पोचलं. मुंबईत १९९४मध्ये विशाल ददलानी यांचा ‘पेंटाग्राम’ हा रॉक बँड उभा राहिला.

आता पुन्हा त्या बिलाकडे येऊ. स्टुडिओचं भाडं तासावर असतं. ‘ब्लीच’चं काम जेमतेम तीस तासांत उरकलं, कारण बहुतेक गाणी आधीच हातात बसली होती. झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर गाणाऱ्या कलाकारांना तालमीचं हे मोल वेगळं सांगायला नको. तेव्हा मुलांनो, मुंबई-पुण्याची वाट पाहू नका. गाणी इथेच रचा, घासून पक्की करा आणि मोबाइलवर का होईना, ध्वनिमुद्रित करा.