दुबईचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



दुबईत पगारावर आयकर नाही, तसं आमच्यासारख्यांना पेन्शनही नाही. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. म्हणून दर महिन्याला आधी एनआरई खात्यात पैसे टाकतो. त्याचं व्याज इथे करमुक्त.

दोन वर्षांपूर्वी हिशेब मांडला : इथला फ्लॅट विकावा, तिथे घर घ्यावं, आईला घेऊन जावं. आकडे जुळत होते. त्याच आठवड्यात मध्यरात्री आईच्या छातीत दुखलं. मी विमानाचं तिकीट शोधत होतो, तोवर समोरच्या काकूंनी आणि वॉचमनने तिला हॉस्पिटलात पोचवलंसुद्धा!

फ्लॅट विकला नाही. मेंटेनन्स वर्षाचा आगाऊ भरतो. तेवढंच हातात आहे. तुमची बाकी मात्र फिटायची नाही.